अप्पा म्हणतात “सरळ रेषा तर आमच्या तांब्यात पण येते”, मग याला स्ट्रेंज मेटल का म्हणायचं?

वाइंडिंगवाल्याची पोर:
नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्स सेकंड इयरला आहे, इथंच सोलापुरात. सेमिनारचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले आणि माझ्या नशिबी आलं ‘चुंबकीय क्वांटम क्रिटिकल पॉइंटजवळ धातूंचं विचित्र वागणं’. दहा दिवस झाले वाचायलीय, डोक्याचा भुगा झालाय. जे कळलं ते एवढंच की काही धातूंमधलं चुंबकत्व प्रेशर देऊन नाहीतर चुंबकीय फील्ड लावून शून्य केल्विनपर्यंत (म्हणजे उणे २७३ डिग्री सेल्सियस) खाली ढकलता येतं, आणि ते जिथं मरतं त्या जागेजवळ (तोच क्वांटम क्रिटिकल पॉइंट, आणि तिथल्या अशा धातूला म्हणतात स्ट्रेंज मेटल) रेझिस्टन्स तापमानाच्या वर्गाने वाढायचं सोडून सरळ रेषेत वाढतो, आणि या एका सरळ रेषेवर सगळे पेपरवाले असे हरखलेत की जणू देव दिसला.

आता गंमत ऐका. आमच्या अप्पांचं अक्कलकोट रोडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. परवा जेवताना त्यांना मोबाइलवर तो ग्राफ दाखवला तर भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, “यात काय नवल गं, तांबं रोज हेच करतंय.” दुसऱ्या दिवशी दुकानात करूनच दाखवलं. मागाच्या एका जुन्या मोटरची कॉइल, सकाळी थंड असताना २ ओहम, लोडवर चांगली तापवून बंद केली आणि लगेच मीटर लावला तर २.४ च्या आसपास. अप्पांना हिशोब तोंडपाठ आहे, डिग्रीमागे शेकडा ०.३९, म्हणजे ५० डिग्री चढली की वीसेक टक्के. वाइंडिंग आतून किती तापलंय ते असंच काढतात, आत थर्मामीटर कोण घालणार. म्हणजे रेषा सरळच की हो!

मग माझे प्रश्न दोन, खरं तर अडीच. तांब्याची सरळ रेषा साधी आणि यांची सरळ रेषा विचित्र, असं का? शून्य केल्विनला सगळं गोठलेलं असतं तर तिथं ‘क्रिटिकल’ व्हायला हलतंय कोण? आणि इलेक्ट्रॉन ‘जड’ होतात म्हणजे नेमकं काय होतं, त्यांनी काय खाल्लं? पुढच्या गुरुवारी सेमिनार आहे, कोणीतरी वाचवा.

पार्क चौक कट्टा:
बे, इथं ४२ डिग्रीत पंख्याखाली बसून सुद्धा मेंदू वितळायलाय आणि तू शून्य केल्विनच्या गोष्टी करायलीस. मला काही येत नाही पण थ्रेड वाचत बसतो, गार वाटतंय.

मास्तर निवृत्त:
बाळ, तुझ्या अप्पांना माझा नमस्कार सांग, त्यांची शंका अगदी रास्त आहे. मी तीस वर्षं बीएस्सीला सॉलिड स्टेट शिकवलं, एका पोरानं ही शंका काढली नाही.

तांब्यात रेझिस्टन्स वाढतो तो अणूंच्या थरथरीमुळे. आपण फोनॉन म्हणतो त्यांना. खोलीच्या तापमानाला थरथरीचं प्रमाण तापमानाच्या सरळ प्रमाणात असतं म्हणून रेषा सरळ. पण अप्पांनी तीच कॉइल खाली खाली थंड करत नेली असती तर साधारण १०० केल्विनच्या खाली रेषा वाकायला लागली असती आणि २०-३० केल्विनखाली जवळपास आडवी पडली असती, कारण थरथर गोठली. उरतो तो फक्त अशुद्धींचा, जाळीतल्या दोषांचा रेझिस्टन्स.

मग एवढ्या थंडीत तापमानावर अवलंबून असलेलं काय शिल्लक राहतं? इलेक्ट्रॉनची इलेक्ट्रॉनशी टक्कर. इथं पाउलीचा नियम आडवा येतो, एका जागी एकच. गड्ड्याच्या जत्रेत काठ्यांच्या मिरवणुकीला होम मैदानाकडे जी गर्दी असते ती डोळ्यासमोर आण, आतल्या माणसाला धक्का मारला तरी तो जाणार कुठं, चहूबाजूंनी माणसंच. हालचाल फक्त कडेच्या माणसांची. इलेक्ट्रॉनमध्ये ती कड म्हणजे फर्मी पृष्ठभाग आणि कडेची जाडी तापमानाच्या प्रमाणात. आता एक कडेचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याला आपटायचा तर तो दुसरा पण कडेचाच हवा (एकदा तापमान), आणि आपटल्यावर दोघांना जाऊन उभं राहायला मोकळी जागा हवी, ती पण कडेलाच (दुसऱ्यांदा तापमान). दोन्हींचा गुणाकार म्हणजे वर्ग. हा वर्गाचा नियम साध्यासुध्या कारणावर उभा आहे, म्हणून तो मोडला की लोक दचकतात. रशियन शास्त्रज्ञ लँडाऊनं १९५६ च्या सुमारास फर्मी लिक्विडची थिअरी मांडली ती हीच, इलेक्ट्रॉन एकमेकांना कितीही ढकलोत, कडेपाशी थंडीत प्रत्येकजण आपली ओळख टिकवून असतो, फक्त थोडा जड होतो. त्या ओळख टिकवलेल्या इलेक्ट्रॉनला क्वासीपार्टिकल म्हणतात.

तेव्हा विचित्र काय, तर रेषा सरळ असणं नव्हे. फोनॉन झोपलेले असताना, वर्गच यायला हवा अशा तापमानाला, ती सरळ असणं. अप्पांची रेषा ३०० केल्विनची आहे, यांची १ केल्विनची.

हीलियम काका:
मास्तरांनी छान सांगितलं. मी मूळचा बाळे गावचा, नोकरी मुंबईला, लो टेंपरेचर लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून सगळी हयात गेली, आता परत आलोय. थिअरी माझा प्रांत नाही पण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी डोळ्यांनी बघितलंय.

शून्याला सगळं गोठतं हे शाळेत शिकवतात ते अर्धंच खरं. लिक्विड हीलियम घे. ४.२ केल्विनला उकळतं. वरची वाफ पंपाने ओढत राहिलं की आणखी थंड होतं, २.१७ केल्विनला अचानक बुडबुडे बंद होतात आणि आरशासारखं शांत पडतं, सुपरफ्लुइड झालं, म्हणजे बिनअडथळा वाहणारं. काचेच्या ड्यूआरमधून (दुहेरी भिंतीचा थर्मासच तो) पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अख्खी शिफ्ट तिथंच उभा होतो. पण त्याला कितीही थंड करा, हजारांश केल्विनपर्यंत न्या, साध्या हवेच्या दाबाला ते बर्फ होतच नाही. घट्ट करायचं तर २५ पट हवेचा दाब द्यावा लागतो. का, तर उष्णता संपली तरी क्वांटमची वळवळ संपत नाही. अणू एका जागी धरून ठेवला की त्याचा वेग अनिश्चित होतो, आणि हीलियम एवढं हलकं की ती वळवळ त्याला गोठूच देत नाही.

म्हणजे शून्याला हलतंय कोण याचं उत्तर: हीच वळवळ. लोखंड ७७० डिग्री सेल्सियसला चुंबकत्व सोडतं ते उष्णतेच्या धुडगुसामुळे. क्वांटम क्रिटिकल पॉइंटला चुंबकत्व मोडतं ते या थंड वळवळीमुळे, आणि ती वळवळ कमी जास्त करायची खुंटी म्हणजे प्रेशर, फील्ड नाहीतर अणूंची अदलाबदल.

अदलाबदलीचा नमुना म्हणजे सेरियम आणि तांब्याचा एक संयुग, एकाला सहा. हा स्वतः जवळजवळ शून्यापर्यंत चुंबकीय होत नाही. त्यात तांब्याच्या जागी थोडं थोडं सोनं घालत गेलं की सहातला ०.१ भाग सोनं झाल्यावर बरोबर उंबरठ्यावर येतो. हे काम जर्मनीत लोनायझनच्या ग्रुपनं १९९४ मध्ये केलं. तिथं रेझिस्टन्स सरळ रेषेत, आणि उष्माधारणा (एक डिग्री तापवायला लागणारी उष्णता) भागिले तापमान जे साध्या धातूत स्थिर राहायला हवं ते थंड करू तसं वाढतच जातं, लॉगच्या चालीनं. ते वाढणं म्हणजेच तुझे ‘जड’ इलेक्ट्रॉन.

सोलापुरी इन पुणे:
ताई, मी पण सोलापूरचाच, सध्या पुण्यात पीएचडी करतोय, हाच विषय नाही पण शेजारचा. जडपणाचं मी सांगतो.

सेरियम, यटर्बियम यांच्या आतल्या एफ कक्षेतला इलेक्ट्रॉन म्हणजे प्रत्येक अणूवर बसलेलं एक छोटं लोहचुंबक. त्याच्यापुढे दोन रस्ते. एक, आसपास फिरणाऱ्या वाहक इलेक्ट्रॉनशी जोडी जमवायची आणि आपलं चुंबकत्व त्यांच्यात मिटवून टाकायचं, याला कोंडो परिणाम म्हणतात, जपानच्या जुन कोंडोंनी १९६४ मध्ये याची पहिली फोड केली. दुसरा, त्याच वाहक इलेक्ट्रॉनच्या हाती निरोप पाठवून शेजारच्या चुंबकांशी संधान बांधायचं आणि सगळ्यांनी मिळून ओळीत उभं राहायचं. आमची आजी असती तर म्हणाली असती, संसारात रमायचं का भावकीच्या पंगतीत बसायचं. डोनियाकनं १९७७ मध्ये ही ओढाताण एका चित्रात मांडली आणि अजून सगळे सेमिनार त्याच चित्रानं सुरू होतात, तुझा पण होऊ दे.

संसारात रमला तर तो एफ इलेक्ट्रॉन वाहकांबरोबर फिरायला लागतो, पण मुळात तो जागचा हलायला नाखूष, त्यामुळे सगळी वरातच संथ होते. ते संथपण म्हणजे जडपण, इलेक्ट्रॉनचं खरं वजन वाढत नाही. किती? १९७५ मध्ये सेरियम आणि ॲल्युमिनियमच्या एका संयुगात मोजलं, उष्माधारणेचा इलेक्ट्रॉनचा वाटा तांब्याच्या दोन हजार पटीहून जास्त निघाला. आणि एवढं जड होऊन पण तिथं वर्गाचा नियम पाळला जातो! जडपणाला लँडाऊची ना नाही, ओळख पुसण्याला आहे.

आता स्टार पदार्थ. यटर्बियम, रोडियम, सिलिकॉन, एकास दोन दोन. स्लाइडवर फॉर्म्युला लिही, तोंडाने ‘वायबी आरएच टू एसआय टू’ म्हणतात सगळे. हा फक्त ७० मिलीकेल्विनला चुंबकीय होतो, म्हणजे शून्याच्या वर ०.०७ डिग्री. आणि योग्य दिशेनं फील्ड लावलं तर ०.०६ टेसलाला तेवढं पण चुंबकत्व संपतं. अप्पांना सांग, त्यांच्या मोटरच्या एअर गॅपमध्ये याच्या दसपट तरी फील्ड असतं. त्या फील्डला रेझिस्टन्सची रेषा, मोजता येईल तितकं खाली जा, सरळच. फील्ड आणखी वाढवलं की हळूहळू वर्ग परत येतो, एकाच सँपलमध्ये, काही न बदलता, नुसती खुंटी पिळून. मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

यंत्रमाग आमचा पिढीजात:
सगळं वाचलं, छान आहे. पण एक विचारतो राग मानू नका, याचा उपयोग काय? ०.०७ डिग्रीला चालणारी वस्तू घेऊन लाइट बिल कमी होणार आहे का?

सोलापुरी इन पुणे:
दादा, खरं सांगतो, या पदार्थानं तुमचं बिल कमी होणार नाही. पण पॅलेडियमवालं एक संयुग आहे, सेरियम पॅलेडियम सिलिकॉन, त्याचं चुंबकत्व हवेच्या दाबाच्या साधारण २८ हजार पट प्रेशर देऊन मारलं तर नेमकं त्याच ठिकाणी ते सुपरकंडक्टर होतं, केंब्रिजवाल्यांनी १९९८ मध्ये दाखवलं. ०.४ केल्विनलाच होतं, पण बघा, चुंबक जिथं मरतोय तिथंच बिनरेझिस्टन्सचा धातू जन्मतोय. तुलनेनं जास्त तापमानाला चालणाऱ्या, तांबं आणि ऑक्सिजनवाल्या बऱ्याच सुपरकंडक्टरमध्ये हीच सरळ रेषा दिसते, एका पदार्थात तर १००० केल्विनपर्यंत. म्हणून लोक मागं लागलेत.

मास्तर निवृत्त:
इथं एक लगाम घालतो. क्वांटम क्रिटिकल पॉइंट आला की सुपरकंडक्टिव्हिटी आलीच असं बाळ स्लाइडवर लिहू नकोस. तो यटर्बियमवाला पदार्थ २ मिलीकेल्विनच्या खाली गेल्यावर कुठं सुपरकंडक्टर होतो, ते पण २०१६ मध्ये कळलं, आणि तिथं अणुगर्भांच्या चुंबकत्वाचा पण हात आहे. आणि सरळ रेषेचं कारण एकच आहे असं पण नव्हे. हर्ट्झनं १९७६ मध्ये आणि मिलिसनं १९९३ मध्ये जी थिअरी दिली तिच्यात इलेक्ट्रॉनची ओळख टिकून असते, फक्त चुंबकत्वाच्या लाटा त्यांना आपटत असतात, आणि तिच्यातून पण काही ठिकाणी तापमानाचा वर्ग सोडून वेगळे घात निघतात. अशुद्धींनी पण घात बदलतो. नुसती रेषा सरळ दिसली म्हणून लँडाऊला निरोप द्यायची घाई मला पटत नाही.

सोलापुरी इन पुणे:
सर, नुसत्या रेषेवर मी पण जात नाही. २००४ मध्ये याच यटर्बियमवाल्या पदार्थात हॉल इफेक्ट (चुंबकीय फील्डमुळे करंटला आडवं तयार होणारं व्होल्टेज) मोजला, क्रिटिकल फील्ड ओलांडताना त्यात एक पायरी येते आणि तापमान खाली नेऊ तशी ती पायरी उभी होत जाते, शून्याला सरळ भिंत होईल असं वाटतं. म्हणजे वाहतुकीत सामील इलेक्ट्रॉनची मोजणीच एकदम बदलते, एफ इलेक्ट्रॉन संसार मोडून बाहेर पडतात. हर्ट्झच्या चित्रात अशी उडी बसत नाही. २०२३ मध्ये आणखी एक आलं, याच पदार्थाच्या अगदी बारीक तारेत करंटचा शॉट नॉइज, म्हणजे करंटमधली बारीक खडखड, मोजला, अमेरिकेतल्या राइस युनिव्हर्सिटीत, सोबत व्हिएन्नाचे लोक.

ताई हे तुझ्या स्लाइडसाठी: परातीत शेंगदाणे ओतले की खडखड आवाज येतो, कारण दाणे एकेक पडतात. तेच दाणे कुटून चटणी केली आणि ओतली तर माल तोच, वजन तेच, आवाज नाही. करंट जर एकेक इलेक्ट्रॉनच्या दाण्यांनी वाहत असेल तर ठराविक खडखड यायलाच हवी. सोन्याच्या तारेत आली. यटर्बियमच्या तारेत खूपच कमी आली, आणि फोनॉनमुळे कमी झाली का हे त्यांनी वेगळं तपासलं, तसं नव्हतं. म्हणजे आत चार्ज वाहतोय पण दाणे दिसेनात.

मास्तर निवृत्त:
चटणीवर मी हरलो. हॉलच्या पायरीच्या अर्थावर मात्र अजून दोन मतं आहेत हे तिला सांगून ठेव, परीक्षक विचारतील.

सोलापुरी इन पुणे:
मान्य सर. आणि ताई, शेवटचं, अप्पांसाठी मुद्दाम. त्यांची शंका २०१३ मध्ये ‘सायन्स’ मासिकात जवळजवळ तशीच छापून आलीय. दोन टकरांमधला वेळ किती याचा एक क्वांटम हिशोब आहे, प्लँकचा स्थिरांक (दोन पायनं भागलेला) भागिले तापमानाची ऊर्जा, १ केल्विनला साधारण ७.६ पिकोसेकंद, ३०० केल्विनला २५ फेम्टोसेकंद. सरळ रेषा दाखवणारे बरेच विचित्र धातू याच्या आसपास येतात. त्या लोकांनी हिशोब साध्या धातूंना पण लावून बघितला, आणि खोलीच्या तापमानाचं तांबं पण तिथंच आलं! तांब्यात कारण फोनॉन, इकडे फोनॉन नाहीत, तरी आकडा एकाच गावचा. का, यावर भांडण चालू आहे, आणि सगळ्या विचित्र धातूंना हा आकडा लागू पडतो असंही नाही. पण ‘आमच्या तांब्यात पण येते’ हे वाक्य हसण्यावारी न्यायचं नाही.

वाइंडिंगवाल्याची पोर:
सगळ्यांना खूप खूप थँक्स! मास्तर सर तुमची गड्ड्याची गर्दी आणि पुण्याच्या दादाची चटणी दोन्ही स्लाइडवर गेले. काल रात्री दुकान बंद झाल्यावर अप्पांना सगळं वाचून दाखवलं. २०१३ चं ऐकून काही बोलले नाहीत पण चहा स्वतः करून आणला, हे आमच्याकडे वर्षातनं एकदा होतं. मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “ते सगळं ठीक, पण मीटर लावला म्हणजे करंट सोडला, करंट सोडला की कॉइल तापणार. ०.०७ डिग्रीला ते मोजतात तर मोजण्यानंच तापत नाही का?” मला उत्तर देता येईना. काका, तुम्हीच सांगा.

हीलियम काका:
पोरी, तापतं. माझी निम्मी नोकरी त्याच्याशी भांडण्यात गेली.

सँपल तांदळाच्या दाण्याएवढं. त्याला चार बारीक तारा, सिल्व्हर पेंटनं चिकटवलेल्या. बाहेरच्या दोन्हीतून करंट, आतल्या दोन्हीवर व्होल्टेज, म्हणजे तारांचा रेझिस्टन्स मोजणीत येत नाही. पण पेंटच्या ठिपक्याचा रेझिस्टन्स एखादा ओहम असतोच, आणि १०० मायक्रोअँपिअर सोडला तरी तिथं १० नॅनोवॅट उष्णता. ऐकायला काहीच नाही, पण ५० मिलीकेल्विनला ती बाहेर काढणारा रस्ता एवढा अरुंद होतो की सँपल आत गरम आणि शेजारचा थर्मामीटर गार. मग ग्राफ खाली सपाट व्हायला लागतो आणि नवा पोरगा नाचत येतो, काका काहीतरी नवीन सापडलं.

उपाय अप्पांना लगेच पटेल. करंट निम्मा करायचा आणि परत मोजायचं. निम्म्या करंटला रेझिस्टन्स तोच आला तर रीडिंग खरं, बदलला तर सँपल तापतंय. परत निम्मा करायचा. करत राहायचं, सिग्नल आवाजात बुडेपर्यंत, आणि प्रत्येक पॉइंटला तापमान बसायची वाट बघायची, कधी अर्धा अर्धा तास. तू जो ग्राफ त्यांना जेवताना दाखवलास ना, त्याच्या डाव्या कोपऱ्यातले चार ठिपके म्हणजे कुणाची तरी अख्खी रात्र असणार.

गुरुवारी सेमिनार किती वाजता आहे? बाळ्याहून बस मिळाली तर येतो. अप्पांना पण घेऊन ये, मागच्या बाकावर बसू आम्ही.